कोकण किनाऱ्यावरील चक्रीवादळे
अरबी समुद्रात कमी दाबाच्या केंद्राभोवती निर्माण होऊन महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर येणारी, अथवा तिच्या लगत जाऊन तेथील जीवनावर परिणाम घडविणारी वादळे. दरवर्षी नियमाने येणाऱ्या मोसमी पावसाची कोकणाला शेकडो वर्षांची सवय आहे. तेथील घरे, शेती, मासेमारी आणि जलवाहतूक यांची सर्व घडी या पावसाला धरूनच बसलेली आहे. चक्रीवादळ मात्र क्वचित येते. दोन मोठ्या वादळांमध्ये पुष्कळदा एखादी पिढी उलटून जाते. त्यामुळे ज्या प्रदेशास पावसाचा अनुभव अत्यंत दृढ आहे, त्याच प्रदेशास विध्वंसक वाऱ्याचा अनुभव प्रत्येक वेळी जवळजवळ नव्याने घ्यावा लागतो. कोकणातील वादळांच्या इतिहासाचे हे मुख्य वैशिष्ट्य होय.

निर्मिती व स्वरूप : समुद्रपृष्ठाचे तापमान सु. २६·५° से. पेक्षा अधिक असले, हवेत मुबलक बाष्प असले आणि निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत नसली, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राचे चक्रीवादळात रूपांतर होऊ शकते. बाष्पाचे जलबिंदूंत रूपांतर होताना मुक्त होणारी उष्णता ही या वादळाची ऊर्जा होय. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. भारतात वाऱ्याचा स्थिर वेग ताशी ६२ ते ८८ किमी. असल्यास चक्रीवादळ, ८९ ते ११७ किमी. असल्यास तीव्र चक्रीवादळ आणि त्यापुढे अतितीव्र चक्रीवादळ अशा संज्ञा वापरतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किमी. चा वारा १२० किमी. झाला, तर घरावर व झाडावर पडणारा भार दुप्पट न होता चौपट होतो. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात वर्षानुवर्षे टिकलेले छप्पर वादळात काही मिनिटांत का उडते, हे यावरून स्पष्ट होते.

बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात चक्रीवादळांची संख्या कमी असते. त्यांपैकी बरीचशी पश्चिमेस ओमान-येमेनकडे जातात किंवा उत्तरेस वळून गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचतात. प्रत्यक्ष कोकणच्या भूमीवर येणारी वादळे म्हणूनच थोडी आहेत. तथापि किनाऱ्यापासून दूर अंतरावरून जाणाऱ्या वादळामुळेही खवळलेला समुद्र, उधाण आणि अतिवृष्टी यांचा उपद्रव पोहोचतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ किनाऱ्याला न लागता पश्चिमेकडे गेले. तरी त्याच्या प्रभावाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पाऊस झाला आणि कापणीस आलेल्या भाताचे नुकसान झाले.

वादळांचा हंगाम व किनाऱ्यावरील जीवन : भर पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, वातावरणाच्या वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत मोठा फरक असल्यामुळे अरबी समुद्रात चक्रीवादळे सहसा वाढू शकत नाहीत. ती प्रामुख्याने मोसमी पावसाच्या आधी (एप्रिल अखेर ते जून) आणि नंतर (ऑक्टोबर ते डिसेंबर) उद्भवतात. कोकणाच्या दृष्टीने हे दोन्ही काळ नाजूक असतात. पहिल्या काळात आगोटीची बेगमी, घरांची शाकारणी आणि आंब्याचा अखेरचा हंगाम चालू असतो. दुसऱ्या काळात भाताची कापणी-झोडपणी होते व मासेमारी जोरात असते.

किनाऱ्यावरील परंपरागत व्यवहारांत समुद्राच्या या ऋतुचक्राची जाण स्पष्ट दिसते. पावसाळ्यापूर्वी गलबते, पडाव व मचवे किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटीत. मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आज्ञापत्र या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात पावसाळ्यात आरमार सुरक्षित बंदरात छावणीस ठेवण्यासंबंधी सूचना आहेत. परंतु हे सर्व नियम नियमित पावसाळ्यासाठी होते. नोव्हेंबरमधील वादळ नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाला अशा विश्वासाने नौका दूर गेल्या असताना येते. परंपरेतील पंचांग त्याविरुद्ध संरक्षण देऊ शकत नव्हते.

घरांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उतरती छपरे, रुंद पडव्या आणि पागोळ्यांचे पाणी दूर नेणारी रचना ही मुसळधार पावसावरील उत्तम योजना होय. मात्र नळीची किंवा मंगलोरी कौले मुख्यतः स्वतःच्या वजनाने वाशांवर व रिपांवर टेकलेली असतात. जोराचा वारा छपराच्या वरच्या अंगाने वाहू लागला, की खालील हवेच्या दाबाने कौले उचलली जातात. एकदा छपरास भगदाड पडले, की वारा आत शिरून उरलेले छप्पर उचकटतो व पाठोपाठ पाऊस घरातील धान्यधुन्य, अंथरूण-पांघरूण आणि कागदपत्रे भिजवितो. बहुतेक वादळांत भिंती उभ्या व घर उघडे, असेच चित्र दिसते.

ऐतिहासिक नोंदी : कोकणातील जुन्या वादळांची माहिती तुटक स्वरूपात मिळते. मे १६१८ मध्ये वसई व मुंबई परिसरात झालेल्या भीषण वादळाचे वर्णन पोर्तुगीज वृत्तांतांत आहे. त्यात चर्च व मठ यांची पडझड, उन्मळून पडलेली माडांची झाडे आणि गावात शिरू पाहणारा समुद्र यांचा उल्लेख येतो. नोव्हेंबर १८५४ मधील वादळाने मुंबई बंदरात मोठा विध्वंस केला. या वादळात काही तासांत सु. एक हजार माणसे दगावली, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील साधनांत आढळते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली होती व १८४१ पासून तेथे नियमित निरीक्षणे घेतली जात होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वर्णनांच्या जोडीला वायुभार, वारा व पाऊस यांची मोजमापेही मिळू लागतात.

या मोजमापांचे महत्त्व एका उदाहरणावरून कळते. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले व त्यात एक लाख लोक मृत्युमुखी पडले, असे विधान आपत्तींच्या अनेक सूचींत दीर्घकाळ छापले जात होते. १८८१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सु. पावणेआठ लाख होती. म्हणजे शहरातील दर आठ माणसांपैकी एक जण एका दिवसात नाहीसा झाला, असा या विधानाचा अर्थ होतो. एवढ्या मोठ्या संहाराचा मागमूस तत्कालीन वृत्तपत्रांत व वेधशाळेच्या नोंदींत असावयास हवा होता. तो मिळत नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे वातावरणशास्त्रज्ञ ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनी मुंबईला असलेल्या चक्रीवादळांच्या धोक्यासंबंधी २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे वादळ घडलेच नसावे असा निष्कर्ष काढला. सूचीकारांनी एकमेकांच्या आधारे विधान पुढे चालविले, एवढाच त्याचा पाया दिसतो. खरी वादळे विस्मृतीत जावीत आणि न घडलेले वादळ शंभर वर्षांहून अधिक काळ ग्रंथांत टिकावे, ही गोष्ट वादळांच्या इतिहासाकडे किती दुर्लक्ष झाले होते याची द्योतक आहे.

त्याच दशकातील एक दुर्घटना मात्र लोकस्मृतीत खोल रुजली. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून सातशेहून अधिक प्रवाशांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे असल्याने लोक तिला ‘वीजळी’ म्हणत व याच नावाने तिच्यावर गुजरातीत लोकगीते रचली गेली. बिनतारी संदेशाची सोय तोपर्यंत अस्तित्वात आलेली नव्हती. बंदर सोडलेल्या बोटीस वादळाची वार्ता कळविण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

इशारा पद्धतीचा विकास : ‘सायक्लोन’ हा इंग्रजी शब्द कलकत्ता येथे काम करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये रूढ केला. कलकत्त्यास १८६४ मध्ये झालेल्या विध्वंसक वादळानंतर तेथील बंदरासाठी १८६५ मध्ये इशारा पद्धती सुरू झाली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि १८८० च्या सुमारास मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले इ. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाही तारेने इशारे मिळू लागले. इशारा येताच बंदरावरील खांबावर दिवसा ठराविक आकृती व रात्री दिवे चढवीत. यावरूनच ‘बावटा लागणे’ हा प्रयोग कोकणी माणसाच्या नित्याच्या बोलण्यात आला. बंदरावर कितव्या क्रमांकाचा बावटा आहे यावर मचवा सुटणार की नाही, मुंबईचा चाकरमानी घरी पोहोचणार की नाही, हे ठरू लागले.

बावटा बंदरात दिसत असे. समुद्रात गेलेल्या नौकेस तो दिसत नसे. ही उणीव पुढे दीर्घकाळ राहिली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी वारा व लाटा यांच्या तडाख्याने काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते. पावसाळ्यातील एक जोराचा झोत तेवढा होता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे अपघाताची वार्ता मुंबईत कित्येक तासांनी, पोहून आलेल्या प्रवाशाकडून पोहोचली. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काहींचे प्राण वाचविले. अलिबाग-रेवस परिसरातील अनेक कुटुंबांत या घटनेची आठवण पुढील पिढ्यांपर्यंत सांगितली गेली.

पुढच्याच वर्षी, २१-२२ नोव्हेंबर १९४८ रोजी, मुंबईस चक्रीवादळाचा मोठा तडाखा बसला. वीजपुरवठा व रेल्वे वाहतूक कोलमडली, झाडे उन्मळून पडली आणि बंदरातील नौकांची हानी झाली. त्यानंतर दीर्घकाळ मुंबईवर तशा तीव्रतेचे वादळ आले नाही. या काळात शहराची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, खाड्या व दलदलीच्या जागा भरावाखाली गेल्या आणि समुद्रालगत उंच इमारती उभ्या राहिल्या. चक्रीवादळ हे पूर्व किनाऱ्याचे संकट आहे, ही समजूत याच काळात पक्की झाली.

अतिवृष्टी व चक्रीवादळ : मुसळधार पावसाचे प्रत्येक संकट हे चक्रीवादळ नसते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तर सु. २५ किमी. अंतरावरील कुलाब्यास केवळ ७३ मिमी. पडला. मोसमी प्रवाहातील हा अत्यंत स्थानिक स्वरूपाचा उत्पात होता. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात जुई, दासगाव इ. गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. अतिवृष्टीत धोका खोलगट भागास, नदीकाठास व डोंगरपायथ्यास असतो, तर चक्रीवादळात तो किनारा, उघडे माथे, छपरे व उंच झाडे यांस असतो. एका संकटात सुरक्षित ठरणारी जागा दुसऱ्यात धोक्याची ठरू शकते. म्हणून दोहोंची गल्लत करणे हिताचे नाही.

फयान (२००९) : उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना नावे देण्याची प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. तीव्रतेच्या दृष्टीने ते मोठे नव्हते. तथापि मासेमारीचा हंगाम भरात असल्याने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक नौका खोल समुद्रात होत्या. वादळाचा इशारा बंदरापर्यंत आला, पण दूरध्वनीच्या आवाक्याबाहेर गेलेल्या नौकांपर्यंत तो पोहोचविणे कठीण झाले. अनेक खलाशी परतले नाहीत. १८८८ व १९४७ मध्ये दिसून आलेली उणीव उपग्रहांच्या युगातही पूर्णपणे भरून निघालेली नव्हती, हे फयानने दाखवून दिले. देवगड, विजयदुर्ग व जयगड येथील नैसर्गिक आडोसा अशा वेळी सर्वांत मोलाचा ठरतो. वादळाची चाहूल लागताच कर्नाटक-गुजरातकडील नौकाही देवगड बंदरात आश्रयास येतात.

निसर्ग (२०२०) : ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. किनारा ओलांडताना वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किमी. व झोतांचा वेग १२० किमी. पर्यंत होता. मुंबई वादळकेंद्राच्या उत्तरेस राहिली. वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्याने केंद्राच्या उत्तरेस ते जमिनीकडून समुद्राकडे व दक्षिणेस समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. त्यामुळे मुंबईस उधाणाचा मोठा धोका पोहोचला नाही. मुंबई वाचली, ही वार्ता देशभर पसरली. त्याच वेळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील शेकडो गावांचा वीज व दूरध्वनी यांद्वारे असलेला संपर्क तुटला होता. काही गावांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले.

वेळीच मिळालेल्या इशाऱ्यामुळे हजारो लोकांना किनाऱ्यावरून हलविण्यात आले होते. करोना साथीच्या निर्बंधांमुळे निवाऱ्यात माणसे एकत्र ठेवणे अवघड असूनही हे काम पार पडले व वादळाच्या तीव्रतेच्या मानाने मनुष्यहानी अत्यल्प झाली. एकोणिसाव्या शतकाशी तुलना करता हे मोठे यश होय. नुकसान झाले ते घरांचे आणि वाड्यांचे. कोकणात ‘वाडी’ म्हणजे नारळ-सुपारीची बाग. श्रीवर्धनचा रोठा ही सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारीचे झाड उंच व सडपातळ असून ते जोराच्या वाऱ्यात मध्येच मोडते. माड त्या मानाने लवचिक असतो, पण तोही एका मर्यादेपलीकडे तग धरीत नाही. माड-पोफळीच्या सावलीत जायफळ, मिरी व केळी लावलेली असते. वरची सावली गेली, की खालची लागवडही उन्हाने होरपळते. पोफळीस फळ धरण्यास पाच ते सात वर्षे व भर उत्पन्नावर येण्यास त्याहून अधिक काळ लागतो. आजोबांनी लावलेल्या झाडांवर नातवाचे घर चालावे, अशी ही अर्थव्यवस्था आहे. ती दोन-तीन तासांत मोडली.

मदतीच्या प्रश्नातूनही हे वेगळेपण पुढे आले. फळबागांच्या हानीची भरपाई हेक्टरी दराने देण्याची पद्धत होती. कोकणातील वाडी मात्र काही गुंठ्यांची व तीही अनेक भावंडांच्या सामाईक नावावर असते. त्यामुळे हेक्टरी हिशेबाने हाती येणारी रक्कम पडलेली झाडे तोडून हलविण्याच्या खर्चासही पुरत नव्हती. पुढे महाराष्ट्र शासनाने नारळ व सुपारी यांसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय घेतला. नारळास प्रत्येकी २५० व सुपारीस ५० रुपये असा दर ठरला. मापनाचे एकक बदलले, हे या निर्णयाचे महत्त्व. पण झाड पुन्हा उभे राहीपर्यंतची वर्षे कोणत्याही दरात बसत नाहीत. मनुष्यबळाचा अभाव ही आणखी एक अडचण होती. घरटी एक-दोन माणसे मुंबईस नोकरीला असल्याने पडलेले वृक्ष हटविणे, विहिरी उपसणे व छपरे शाकारणे ही कामे बहुधा वृद्धांवर येऊन पडली.

तौक्ते (२०२१) : एक वर्ष उलटण्यापूर्वीच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ गोवा व कोकणच्या किनाऱ्याला समांतर जाऊन १७ मे च्या रात्री गुजरातमध्ये दीवच्या पूर्वेस भूमीवर आले. गोव्यात व सिंधुदुर्ग, रत्नागिरी या जिल्ह्यांत घरांची, वीजवाहिन्यांची व आंबा बागांची हानी झाली. मुंबईत त्या दिवशी कुलाबा येथे वाऱ्याचा वेग ताशी ११४ किमी. नोंदला गेला. मुंबईच्या पश्चिमेस खनिज तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून बुडाला. त्यावर २६१ जण होते. भारतीय नौदलाने बहुसंख्य लोकांना वाचविले, तरी सत्तराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. या वादळाचा इशारा अनेक दिवस आधी प्रसृत झालेला होता. या वेळी उणीव पूर्वसूचनेत नव्हती. तिच्यावर करावयाच्या कृतीत होती.

बदलते स्वरूप : अरबी समुद्राचे पृष्ठतापमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे १९८२–२००० या कालखंडाच्या तुलनेत २००१–२०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सु. निम्म्याने वाढली आणि ती अधिक काळ टिकू लागली. प्रत्येक वादळ कोकणावरच येईल असे यावरून अनुमान करता येत नाही. तथापि दोन वादळांतील अंतर पिढीएवढे असते, हा जुना अनुभव यापुढे प्रमाण मानता येणार नाही.

चार शतकांच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. वादळ येणार हे कळण्याचे साधन क्रमाने बंदरातील बावट्यापासून उपग्रहापर्यंत सुधारत गेले व त्यामुळे किनाऱ्यावरील प्राणहानी घटली. समुद्रातील माणसापर्यंत तो इशारा पोहोचविणे व त्याने वेळीच परतणे, हा प्रश्न मात्र वैतरणापासून पी-३०५ पर्यंत वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला. कौले तारेने बांधणे, छपराचे वासे भिंतीतील पट्ट्यांशी जखडणे, वीजवाहिन्या भूमिगत करणे, वाडीच्या समुद्राकडील कडेस सुरू-उंडीसारख्या वृक्षांची दाट रांग राखणे हे उपाय साधे असून त्यांची गरज वादळानंतर सर्वांना पटते. दोन-चार शांत वर्षे गेली, की ती मागे पडते. कोकणाने पावसाचे ज्ञान घरांच्या उतारात, सणांत व भाषेत साठवून ठेवले. वाऱ्याचे ज्ञान त्याच प्रकारे नित्याच्या व्यवहारात मुरले, तरच पुढील वादळ हा पुन्हा पहिलाच अनुभव ठरणार नाही.